ना भंगार, ना वारसा!

विशेष प्रतिनिधी, मुंबई

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढविले. वीस वर्षांहून जुन्या खासगी मोटारीसाठी ते १० हजार रुपये झाले आणि मोटार परदेशातून आयात केलेली असेल, तर ८० हजार रुपये. त्याआधी हे आकडे अनुक्रमे पाच हजार आणि ४० हजार होते व तेही एप्रिल २०२२ पासूनचे. त्यापूर्वी साध्या खासगी मोटारीचे नूतनीकरण ६०० रुपयांत होत असे. एकदा केलेले नूतनीकरण पाच वर्षे चालते. ज्यांच्या दारात चार-पाच वर्षांची गाडी उभी आहे, त्यांना या बातमीचे काही वाटले नसेल. परंतु मर्सिडीजची जुनी डिझेल, फियाटची उनो किंवा पहिल्या पिढीतील ऑक्टाव्हिया हौसेने सांभाळणाऱ्यांच्या छोट्या वर्तुळात तिची बरीच चर्चा झाली.

या चर्चेतला राग केवळ पैशांचा नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. याच मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली मोटार या नियमांत बसते. तिची पहिली नोंदणी २० हजार रुपयांत होते आणि ती दहा वर्षे चालते. आधीचा नोंदणी क्रमांक असेल, तर तो तसाच ठेवता येतो. आता हिशेब करून पाहावा. आयात केलेली मोटार एकोणपन्नास वर्षांची असताना मालकाला वर्षाकाठी १६ हजार रुपये पडतात. पन्नाशी ओलांडताच तोच आकडा दोन हजारांवर येतो. गाडी तीच, इंजिन तेच आणि धूरही तोच!

भारतात जुळणी झालेल्या मोटारीला हा फटका बसत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पाच वर्षांना दहा हजार म्हणजे वर्षाला दोन हजारच. एका दरवाजाच्या डेंटिंग-पेंटिंगलाही आज याहून अधिक खर्च येतो. तेव्हा 'शुल्कवाढीने शौकिनांचे कंबरडे मोडले' अशी जी ओरड झाली, ती निम्मीच खरी आहे. खरी अडचण निराळी आहे. पंधरा वर्षे झाली की कायद्याच्या लेखी मोटार 'जुनी' होते आणि पन्नासाव्या वर्षी ती एकदम 'वारसा' ठरते. मधल्या पस्तीस वर्षांत ती काय असते, याचे उत्तर कायद्यात नाही. या सर्व काळात सरकार तिचे वय मोजते, प्रकृती तपासण्यावर मात्र भर नाही.

कुर्ला ते शेंद्रा

हा प्रश्न दिल्ली-चेन्नईइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, महाराष्ट्राचा आहे. जुनी युरोपीय मोटार म्हटले की संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात अशा ज्या मोटारी मध्यमवर्गीयांच्या इमारतींखाली ताडपत्रीत उभ्या आहेत, त्यांतील बहुतेक इथेच तयार झालेल्या आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ पासून आलेली ११०० डी ही तिची सर्वाधिक टिकलेली आवृत्ती. सत्तरच्या दशकाच्या मध्यास तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले आणि इटलीत कधीच बंद पडलेला हा नमुना मुंबईत २००० सालच्या सुमारापर्यंत तयार होत राहिला. १०८९ सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा 'हॅण्ड गिअर' आणि पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईकराला वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. काळ्या-पिवळ्या रंगातील अखेरच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

त्यानंतरची पिढी नव्वदच्या दशकातली. प्रीमियरनेच प्युजोशी हातमिळवणी करून कल्याणच्या कारखान्यात '३०९' ही फ्रेंच मोटार बनविली. काही वर्षांतच तो प्रकल्प बंद पडला. मर्सिडीज-बेंझने १९९५ साली पुण्यात, टेल्कोच्या आवारात, 'डब्ल्यू १२४' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ई-क्लासची जुळणी सुरू केली. फियाट उनो १९९६ मध्ये कुर्ल्यातून आली, तर पालिओ २००१ साली. त्याच वर्षी औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हियाने 'मजबूत पत्रा' हा शब्दप्रयोग भारतीय ग्राहकाच्या तोंडी रुळविला.

यांतील प्युजो लवकर गेली, ओपेलने २००६ साली भारत सोडला आणि फियाटच्या मोटारींची विक्री २०१९ च्या आसपास थांबली. मर्सिडीज व स्कोडा आहेत, पण त्यांच्या आजच्या विक्री केंद्रांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीत फारसा रस नसतो. तेथील सल्लागार संगणकात भाग क्रमांक टाकतो, 'उपलब्ध नाही' असे सांगतो आणि नव्या गाडीची माहितीपत्रिका पुढे करतो.

खरेदीचा मोह आणि पत्र्याची परीक्षा

अशा मोटारी आजही तुलनेने थोड्या पैशांत मिळतात आणि तिथेच नवखा शौकीन फसतो. डब्ल्यू १२४ ची किंमत कमी झाली तरी तिच्या सुट्या भागांच्या किमती मर्सिडीजच्याच राहतात. जाणकार मंडळी गाडी पाहायला जाताना बॉनेट नंतर उघडतात. आधी पायातली मॅटिंग उचलून फ्लोअरचा पत्रा पाहतात. इंजिन बोअर करता येते, रिंग-पिस्टन बदलता येतात. मात्र मुंबईच्या दमट हवेत आणि कोकण किनाऱ्यावर राहिलेल्या मोटारीचा आतून कुजलेला पत्रा दुरुस्त करणे म्हणजे जवळपास नवी गाडी बांधणेच. जॅक लावण्याच्या जागा, चाकांवरील कमानी, काचेच्या रबराखालचा भाग आणि डिकीतील स्टेपनीची खाच या चार ठिकाणी बोट फिरविले की निम्मा निर्णय होतो. चकाकणारा नवा रंग ही अशा खरेदीत शिफारस नसून धोक्याची सूचना समजावी.

प्रत्येक मोटारीची स्वतःची अशी दुखणी असतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यातील मर्सिडीजच्या पेट्रोल इंजिनांवरील वायरिंगचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळते. मग गाडी अधूनमधून झटके खाते आणि निदान न झाल्याने महागडे भाग उगाच बदलले जातात. संपूर्ण वायरिंग बदललेले आहे का, हा प्रश्न विचारल्याविना अशी मोटार घेऊ नये. ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआय डिझेल आणि १.८ टर्बो पेट्रोल या दोन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च समोर येतो. त्यामुळे विकणारा 'बेल्ट मागच्याच वर्षी बदलला' असे म्हणाला तरी बिल हाती नसेल, तर बेल्ट, टेन्शनर व पाण्याचा पंप यांचा खर्च किमतीतून वजा करावा. पद्मिनीचे त्या मानाने बरे. तिच्यात बिघडण्यासारखे थोडे आहे आणि जे आहे ते प्लग, पॉइंट, टॅपेट, कार्ब्युरेटर या चार शब्दांत आटोपते. मात्र हे चार शब्द ज्याच्या हाताला कळतात, असा मिस्त्री आता साठीच्या पुढचा असतो.

मिस्त्रींचा हा प्रश्न सुट्या भागांहून गंभीर आहे. भाग कुठून तरी येतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यातील नाना पेठ, दिल्लीतील काश्मिरी गेट आणि मायापुरी येथे फिरणाऱ्याला उनोचा दिवा किंवा ऑक्टाव्हियाचा कंट्रोल आर्म अजून सापडतो. उरलेले जर्मनीहून मागविता येते. जर्मनीत मर्सिडीजने जुन्या मोटारींसाठी फेलबाख येथे १९९३ पासून स्वतंत्र केंद्र चालविले आहे. पण डब्ल्यू १२४ च्या निदानाच्या सॉकेटला छोटा दिवा जोडून, तो किती वेळा लुकलुकतो ते मोजून दोष ओळखणारा माणूस मागविता येत नाही. नवे तंत्रज्ञ स्कॅनरवर शिकलेले. स्कॅनर लागत नाही अशी गाडी समोर आली की ते प्रामाणिकपणे हात वर करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला दोन गाड्यांसाठी कोणी ही विद्या शिकणार नाही.

कागदपत्रांची परीक्षा याहून किचकट. आरसी बुकातील चॅसिस क्रमांक पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का, मूळ मालक हयात नसल्यास वारसांची नोंद झाली आहे का आणि पर्यावरण कर थकला आहे का, हे व्यवहारापूर्वी पाहावे लागते. कित्येक जुन्या वाहनांची नोंद परिवहन खात्याच्या संगणकात आलेलीच नसते. राज्यात एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणीपट्टी सक्तीची झाली आणि २०२५ मध्ये तिला एकामागून एक मुदतवाढी मिळाल्या. त्या वेळी आपली गाडी सरकारदरबारी अस्तित्वातच नाही, असा शोध अनेक मालकांना लागला. मग जुने पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात खेटे घालणे आले.

दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या मोटारींचा मोह सर्वांत मोठा. तेथे मुदत संपलेल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत जातात. किंमत पाहून डोळे विस्फारतात. परंतु इथला कर, नवी नोंदणी आणि तिचा बराच काळ यांचा हिशेब कागदावर मांडला की स्वस्ताई पुष्कळशी ओसरते.

इंधनाचा नवा पेच

जुन्या पेट्रोल मोटारींसमोर याआधीही इंधनबदल आला होता. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट कशा टिकणार, अशी काळजी व्यक्त झाली होती. हेड उघडून कठीण धातूच्या सीट बसविण्याचा मार्ग निघाला आणि प्रश्न मिटला. आताचा बदल २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा आहे. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ सालच्या आराखड्यातच म्हटले होते, की शुद्ध पेट्रोलसाठी आरेखित आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधनक्षमता या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटेल. जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, हेही त्याच आराखड्यात होते. पंपांवर ग्राहकाला असा पर्याय मिळाला नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

पेट्रोलियम मंत्रालयाचे म्हणणे असे, की जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि तो खर्च किरकोळ आहे. पद्मिनीपुरते ते बरेचसे खरे मानता येईल. तिच्या पंपातील पडदा, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचा जेट बदलला की काम भागते. मात्र हौशी मालकाची गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटर धावत नाही. ती महिनोन्‌महिने उभी असते, आणि किलोमीटरच्या हिशेबात ही गोष्ट येत नाही. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तीन महिने उभी राहिली की तळाला पाणी साचते व टाकी आतून गंजते. यावर उपाय दोनच. टाकी काठोकाठ भरून ठेवणे किंवा पूर्ण रिकामी करणे. तिसरा उपाय म्हणजे गाडी नियमित चालविणे आणि तोच सर्वांत उत्तम. पण त्याचा विचार पुढे येईल. गंमत अशी, की महाराष्ट्रात या पेचातून डिझेल मर्सिडीज आणि टीडीआय ऑक्टाव्हिया सहज सुटल्या आहेत, तर दिल्लीत सर्वांत आधी हद्दपार झाल्या त्या डिझेल मोटारीच.

दुसरी बाजू

शौकिनांच्या बैठकीत प्रदूषणाचा विषय निघाला की तो लवकर बदलला जातो. तसे करून चालणार नाही. पीयूसी चाचणीत बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. बीएस-४ मोटारीला ०.३ टक्के. म्हणजे कायद्यानेच जुन्या गाडीला दहापट सूट दिलेली आहे. चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता. तो निकामी झाल्यावर काढून टाकून सरळ नळी बसविणारे आणि वर 'आवाज छान येतो' म्हणणारे महाभाग याच शौकिनांत आहेत. मूळ स्वरूप जपण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी मूळ सायलेन्सरही जपायला हवा.

दिल्लीचा अनुभव मात्र वयाच्या कसोटीची मर्यादा दाखवितो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू होताच लोकक्षोभ उसळला व तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने या वाहनांवर सक्तीची कारवाई नको, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरतेच ठेवले. निव्वळ वयाऐवजी उत्सर्जनाचा निकष अंशतः का होईना पुढे आला, ही त्यातली जमेची बाजू. पण उनो, डब्ल्यू १२४, पालिओ, पहिली ऑक्टाव्हिया यांतील एकही मोटार त्या संरक्षणात बसत नाही.

मोटारींचे माहेर असलेल्या युरोपात हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील व सुस्थितीतील मोटारीला नोंदणी क्रमांकाच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. तिला वर्षाला सुमारे १९२ युरो इतका ठरावीक कर असतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश असतो. तो दर्जा मिळण्यापूर्वी तज्ज्ञाकडून गाडीची कसून तपासणी होते. तीत अपात्र ठरली, तर वय कितीही असो, 'एच' मिळत नाही. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे पूर्ण झालेली मोटार करमुक्त होते. जागतिक जुनी वाहने महासंघ, म्हणजे 'फिवा', ऐतिहासिक वाहनाची व्याख्या तीस वर्षांपासूनच करतो.

आपल्या नियमांतील पन्नास वर्षांची अट त्यामुळे जगावेगळी दिसते. शिवाय पन्नाशी गाठलेली मोटार व्हिंटेज म्हणून नोंदविली, की ती रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच तिने रस्त्यावर यावे, असा नियम आहे. जर्मनीतील गृहस्थ 'एच' लावलेली मर्सिडीज घेऊन कामावर जाऊ शकतो. आपल्याकडे ती मंडईपर्यंतही नेता येणार नाही. याचा अर्थ, मोटार ही मोटार म्हणून चालविण्याची मुभा मधल्या पस्तीस वर्षांतच आहे आणि नेमका तोच काळ सर्वांत खर्चाचा व अनिश्चित ठेवलेला आहे.

तीस वर्षांवरील मोटारींसाठी मधला वर्ग निर्माण करणे अवघड नाही. वार्षिक किलोमीटरची मर्यादा आणि नेहमीपेक्षा कडक तपासणी, या दोन अटी बहुतेक सच्चे शौकीन आनंदाने मान्य करतील. ब्रेक, दिवे आणि धूर यंत्राने तपासणारी स्वयंचलित केंद्रे देशभर उभी राहत आहेत. त्यांना अनेक मालक घाबरतात. वास्तविक निरोगी जुन्या गाडीला सर्वाधिक उपयोग या केंद्रांचाच आहे. तेथील यंत्राला मोटारीचे साल विचारण्याचे कारण पडत नाही.

तोवर दिनदर्शिका आपले काम करीत आहे. आखातातून परतलेल्या कुटुंबांनी सोबत आणलेल्या किंवा परदेशी वकिलातींकडून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या मर्सिडीज 'डब्ल्यू १२३' मुंबई-पुण्यात अजून आहेत. या मालिकेतील पहिल्या मोटारी १९७६ साली रस्त्यावर आल्या. त्यांना २०२६ पासून पन्नासावे वर्ष लागते आणि त्या ८० हजारांच्या रकान्यातून २० हजारांच्या रकान्यात सरकू शकतात. मालिकेतील शेवटच्या मोटारींना त्यासाठी २०३५-३६ पर्यंत थांबावे लागेल. कुर्ल्यातून २००० साली बाहेर पडलेल्या पद्मिनीची पन्नाशी २०५० मध्ये येईल. त्याआधी तिला २०३०, २०३५, २०४० आणि २०४५ असे चार वेळा परिवहन कार्यालयाच्या आवारात उभे राहायचे आहे.